सेकंडहँड डीएसएलआर की नवा मिररलेस? माझं पारडं एका खटक्याने झुकलं

दसरा जवळ आला की ओळखीपाळखीतून विचारणा होते: बजेट एवढंच आहे, त्यात चांगल्या स्थितीतला सेकंडहँड डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा, आणि वर एखादी बरी लेन्स घेऊ, की साधाच पण नवाकोरा मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा? मी आठ वर्षं डीएसएलआर वापरला आणि गेल्या दसऱ्याला मिररलेस घेतला. दोन्ही आजही घरात आहेत. मेगापिक्सेल वगैरे तुम्ही पाहून झालं असेल, त्यात शिरत नाही.

डीएसएलआरवर माझा राग नाही. त्याच्या व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की आरशातून आलेला खरा प्रकाश दिसतो, स्क्रीन नव्हे. बॅटरीची तर काळजीच नको. आमच्या इंदूरची रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, राजवाड्यासमोरून पूर्ण जाईपर्यंत एका चार्जिंगवर माझं भागतं. मिररलेसमध्ये सेन्सर (फोटो टिपणारा भाग) आणि स्क्रीन सतत चालू, त्यामुळे दुसरी बॅटरी खिशात हवीच. शिवाय लेन्स काढली की डीएसएलआरचा सेन्सर आरसा आणि शटर यांच्या आड असतो. बहुतेक मिररलेसमध्ये तो समोर उघडाच. गुलाल उडत असताना ही जोखीम मला नको वाटते, म्हणून गेरीला मी अजून जुनाच कॅमेरा नेतो. सेकंडहँड घेताना शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो काढलेत ते, मात्र विचारा. नवशिक्यांसाठीच्या मॉडेलांचं शटर साधारण १ लाख फोटोंचं धरतात.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे मी बदललो.

रामबागेत आमच्या मावशीकडे महिन्यातून एकदा घरगुती बैठक असते. वीस-पंचवीस माणसं, सतरंजी, एक तंबोरा, एक तबला. ख्यालगायक उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या गावातली माणसं आम्ही, त्यामुळे संथ विलंबिताची गोडी घरात आहे. झूमरा तालाच्या चौदा मात्रा मिनिटभर चालाव्यात आणि कुणाला घाई नसावी. असंच एकदा मावशी समेकडे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडे, येत होत्या. डोळे मिटलेले, उजवा हात हवेत थांबलेला. हाच फोटो मला हवा होता. मी बटण दाबलं आणि त्या शांततेत आरसा खटाककन आपटला. मावशी गातच राहिल्या, पण तंबोऱ्यावरच्या ताईंनी मान वर करून पाहिलं. बैठक संपल्यावर मावशी एवढंच म्हणाल्या, “बाळा, आलापात नको रे.” तेव्हापासून आलापभर कॅमेरा मांडीवर ठेवायचा, असं चालू झालं. आणि खरे चेहरे तर आलापातच दिसतात. ‘क्वाएट’ मोड लावून पाहिला. त्यात आरसा जरा सावकाश खाली येतो इतकंच, आवाज जात नाही.

मिररलेसमध्ये आरसाच नाही. इलेक्ट्रॉनिक शटर लावलं की टिक एवढाही आवाज येत नाही. पहिल्या बैठकीत मी तीनशेच्या वर फोटो काढले आणि शेजारच्या काकांना पत्ताही लागला नाही.

त्याचीही एक खोड आहे, ती आधीच सांगतो. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर ओळीओळीने वाचला जातो. घरातले बरेच एलईडी दिवे आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात आणि फोटोवर आडवे काळे पट्टे येतात. सराफा बाजारात रात्री जिलेबीच्या कढईचा फोटो काढतानाही हाच त्रास झाला. शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवला की पट्टे जवळजवळ जातात. तबलजींची बोटं द्रुतात, म्हणजे जलद लयीत, पुसट येतात, कधी वाकडीही दिसतात. तेवढ्यापुरतं मेकॅनिकल शटर लावतो, द्रुतात तो आवाज खपून जातो. घेण्याआधी दुकानात एक गोष्ट हातात घेऊनच बघा. काही स्वस्त मॉडेलांत शांत शटर वेगळ्या मोडमध्येच मिळतं आणि तिथे वेग आपल्या हातात राहत नाही. तसं असेल तर माझ्या दृष्टीने सौदा फसला.

खोका घरी आला ती संध्याकाळ अजून आठवते. आईने आधी बॉडीला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, मग माझ्या हाती दिलं. बॅटरी चार्ज होईपर्यंत मी मेन्यू पाठ करत बसलो. सगळ्यात आधी बीप बंद. मग फोकससाठी पेटणारा नारिंगी दिवा बंद, नाहीतर आवाज नसूनही गाणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. चष्म्याच्या नंबराप्रमाणे डायॉप्टरचं चाक फिरवलं तशी व्ह्यूफाइंडरमधली अक्षरं एकदम लख्ख झाली आणि आईचा चेहरा त्यात आला. मागची स्क्रीन आत वळवून ठेवली, अंधारात तिचा उजेड शेजाऱ्याला खुपतो.

तुमचे फोटो बहुतेक दिवसाउजेडी, सहलीचे, मुलांच्या खेळाचे असतील, तर जुना डीएसएलआर आणि वाचलेल्या पैशात एक ५० मिलिमीटरची लेन्स, यात नुकसान काही नाही असं मला वाटतं. पण गाणं, पूजा, झोपलेलं बाळ, नाटकाची तालीम यांपैकी काहीही यादीत असेल, तर मी दुसऱ्या बॅटरीचे पैसे बाजूला ठेवून मिररलेसच घेईन.

समेवरचा तो थांबलेला हात शेवटी कार्तिकातल्या बैठकीत मिळाला. मावशींनी प्रिंट मागून घेतली, आता ती तंबोऱ्याच्या कोपऱ्यात लावलेली आहे.