पद्मिनी आणि ग्वाल्हेरची थंडी: चौदा महिने चालवल्यावर

बाबांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी गेल्या वर्षी दिवाळीनंतर माझ्या हातात आली. महिनाभर अर्ध्या सेल्फमध्ये सुरू व्हायची. डिसेंबरात तानसेन समारोहाच्या आठवड्यात थंडी पडली आणि गाडी अडून बसली. इंजिन जडपणे दोन-तीन फेरे घ्यायचं आणि गप्प व्हायचं. दुपारी अंगणात ऊन आलं की तीच गाडी पहिल्या फटक्यात सुरू!

मेकॅनिकने कार्ब्युरेटर खोलून साफ केला, किट बदललं. फरक नाही. मग नवी बॅटरी घेतली. चार दिवस बरे गेले, नंतर पारा पाच अंशांवर आला आणि पुन्हा तेच. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या गल्लीत धुक्यात शेजारच्या काकांना धक्का मारायला उठवायचं, याची मला मनापासून लाज वाटायची.

शेवटी बाबा म्हणाले, "अरे, आधी प्लग काढून बघ तरी." प्लग ओले होते, पेट्रोलचा वास येत होता. म्हणजे पेट्रोल पोचत होतं, ठिणगीच कमी पडत होती. मग पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे दोन संपर्क, घासले आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) त्यांच्यातली फट ०.४ मिमी केली. थोडं सुधारलं, पण सेल्फचा जडपणा तसाच.

खरा उलगडा साध्या मल्टिमीटरने झाला. पहाटे सहा वाजता भावाला सेल्फ मारायला बसवलं. बॅटरीच्या दोन टोकांत सेल्फ चालू असताना १०.१ व्होल्ट, म्हणजे बॅटरी चांगली. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर धरलं. इथे साधारण पाव व्होल्टच्या आत आकडा हवा. माझ्याकडे १.३ आला. निगेटिव्ह ते बॉडी मोजलं तर ०.१. उरलेलं सगळं बॉडी आणि इंजिन यांच्यामधल्या अर्थिंगच्या पट्टीत, म्हणजे इंजिनातला करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडात, वाया जात होतं.

पाना घेऊन गाडीखाली शिरलो. तांब्याच्या विणलेल्या पट्टीच्या तारा अर्ध्या तुटलेल्या, बोल्टखाली हिरवट भुकटी, आणि कधीतरी गाडी रंगवताना बसलेला रंग जसाच्या तसा. नवी जाड पट्टी लावली, दोन्ही जागा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासल्या आणि वरून व्हॅसलीन चोपडलं. आता तोच आकडा ०.१५ आहे.

आम्ही सगळे फसलो ते दिव्यांमुळे. हेडलाइट लख्ख, हॉर्न खणखणीत, मग अर्थिंगवर संशय कोण घेणार? पण दिव्यांचा करंट बॉडीतूनच परततो, इंजिनच्या पट्टीतून जात नाही. सेल्फचा जातो, आणि पॉइंटमधून येणारा, ठिणगी तयार करणाऱ्या कॉइलचाही. त्यामुळे एकाच खराब जोडामुळे सेल्फ जड आणि ठिणगी कमजोर, दोन्ही एकदम. थंडीत ऑइल घट्ट होतं, सेल्फ जास्त करंट ओढतो आणि त्याच जोडात जास्त व्होल्ट गळतात. दुपारी ऑइल सैल झालं की निभावून जायचं.

दुसरा हिवाळा आता सरत आलाय. या जानेवारीत एकदाही धक्का लागला नाही. चोक (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणारी खिट्टी) पूर्ण ओढायचा, ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही, पाच सेकंद सेल्फ. नाही धरली तर अर्धा मिनिट थांबून पुन्हा. सेल्फ सलग दामटू नका, तो तापतो आणि प्लग भिजतात. सुरू झाल्यावर मिनिटभराने चोक थोडा थोडा आत ढकलत न्या. चोक ओढल्यावर कार्ब्युरेटरवरची लिव्हर शेवटपर्यंत फिरते का, हेही बॉनेट उघडून बघाच. माझी केबल मध्येच अडत होती.

आठवडाभर उभी राहिली तर अजूनही वेळ लागतो. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उडून जातं, पंप इंजिनवर चालणारा, तो भरेपर्यंत सेल्फ फिरवावाच लागतो. इथेनॉलच्या पेट्रोलने जुना रबरी पाइप मऊ पडून पाझरायला लागला होता, तो बदलला. त्याचं तोंड दर महिन्याला बोट फिरवून बघतो.