‘गॅस गेलाय’ म्हणत माझे पाच चांगले डिस्प्ले उचलून नेले

जुन्या पिनबॉल मशीनचा डिस्प्ले बिघडला आणि दुरुस्तीवाल्याने पाहताक्षणी ‘काचेतला गॅस गेलाय, सगळे बदलावे लागतील’ असं सांगितलं, तर त्याच्या हातात काहीही देऊ नका. माझे पाच धडधाकट डिस्प्ले याच एका वाक्यावर गेले. त्यांच्या जागी आले ते कुठल्या तरी दुसऱ्या मशीनमधले वापरून संपलेले, आणि त्याचे पैसेही माझ्याकडूनच घेतले गेले.

मशीन बॅली कंपनीचं, १९७९ सालचं, चार खेळाडूंचं. बॅकबॉक्समध्ये, म्हणजे मशीनच्या मागच्या उभ्या पेटीत, सहा आकडी पाच डिस्प्ले असतात: चार गुणांचे, एक क्रेडिटचा (किती खेळ शिल्लक आहेत ते दाखवणारा). पाचही एकसारखे, एकमेकांच्या जागी बसणारे. काचेत निऑनचा वायू भरलेला असतो आणि साधारण १९० व्होल्ट मिळाले की तो नारिंगी उजळतो. माझ्याकडे फक्त तिसऱ्या खेळाडूचा डिस्प्ले त्रास देत होता. गुण चढता चढता मध्येच भलतेच आकडे यायचे, कधी सहाही घरांत एकच आकडा, आणि बॅकबॉक्सला धक्का लागला की पुन्हा सगळं ठीक. बाकीचे चारही लख्ख.

त्याला बोलावण्याआधीच मी तिसरा डिस्प्ले काढून पहिल्याच्या जागी लावून पाहिला होता आणि पहिला तिसऱ्याच्या जागी. (मशीन बंद केल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणं व्होल्टेज काही वेळ टिकून राहतं. मल्टिमीटरने ते उतरल्याची खात्री करूनच हात घाला.) बिघाड डिस्प्लेबरोबर हलला नाही, तिसऱ्या जागेवरच राहिला. याचा अर्थ सरळ आहे. डिस्प्ले निर्दोष आहे, दोष त्या जागेपर्यंत येणाऱ्या तारेत, कनेक्टरमध्ये किंवा बोर्डात आहे. या मशीनमध्ये आकड्यांची माहिती पाचही डिस्प्लेंकडे समाईक तारांवरून जाते, पण ‘ही माहिती तुझी’ हे सांगणारी तार प्रत्येकाची वेगळी असते. ती तार कुठे सैल झाली तर तो एकच डिस्प्ले भरकटतो. माझ्याकडे नेमकं तेच दिसत होतं.

हे सगळं मी त्या माणसाला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तुमचं बरोबर आहे, पण हे वरवरचं झालं. काचा आतून संपल्यात. आता नाही बदलल्या तर हाय व्होल्टेजचा भाग जळेल, मग मेन बोर्ड.” यातली मेख अशी की अर्धी गोष्ट खरी आहे. संपत आलेल्या काचा जास्त करंट ओढतात आणि हाय व्होल्टेजच्या भागावर खरोखर ताण येतो. फक्त माझ्या काचा तशा नव्हत्या. संपलेली काच ओळखू येते: कडांना आतून काळपट छटा येते, आकडे थरथरतात, काही रेघा अर्ध्याच पेटतात. माझ्या एकाही काचेवर यातलं काही नव्हतं. पण मेन बोर्डाचं नाव काढल्यावर जुनं मशीन जपणाऱ्या माणसाच्या पोटात गोळा येतो, आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं. “टेबलावर लावून तपासतो” म्हणत त्याने पाचही डिस्प्ले काढून नेले.

परत आणले ते “नवीन ओरिजिनल काचा घातलेले” म्हणून. या जुन्या काचा आता बनत नाहीत. मिळतात त्या कुणी जपून ठेवलेल्या न वापरलेल्या, नाहीतर दुसऱ्या मशीनमधून काढलेल्या. म्हणूनच चांगल्या काचेला एवढा भाव आहे, आणि म्हणूनच तिच्यावर डोळा असतो.

बसवून झाल्यावर आकडे झगझगीत दिसले. काही आठवड्यांत ते विटायला लागले. पहिल्या डिस्प्लेत शेवटचं घर मधूनच विझायचं, आणि तिसऱ्या जागेवरचा मूळ गोंधळ तर जसाच्या तसा होता. हाय व्होल्टेज जिथून येतं त्या सॉलेनॉइड बोर्डावरच्या दुसऱ्या टेस्ट पॉइंटवर, म्हणजे मोजण्यासाठी ठेवलेल्या टोकावर, मी व्होल्टेज मोजलं. १९० च्या जागी दोनशेच्या बरंच वर! त्या बोर्डावर व्होल्टेज कमीजास्त करणारा एक छोटा ट्रिमर असतो, तो त्याने जवळजवळ टोकापर्यंत फिरवून ठेवला होता. मरत्या काचा पेटवून दाखवायच्या तर हीच युक्ती. थोडे दिवस चमकतात, आणि त्या नादात उरलेलं आयुष्यही जळून जातं.

मग मी एक डिस्प्ले उलटा करून भिंगाखाली धरला. माझ्याकडे बॅकबॉक्सचे जुने फोटो होते, डिस्प्लेच्या मागच्या बाजूंसकट. चिपवर चार आकडी छाप असतो, पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. फोटोत पाचही डिस्प्लेंवर ७९ ने सुरू होणारे छाप, हातात धरलेल्यावर ८१. रेझिस्टरांभोवती डिस्प्लेची सर्किटची पट्टी भाजून तपकिरी झालेली, आणि कनेक्टरच्या पिनांभोवती सोल्डरला केसाएवढ्या गोल चिरा. याला नवीन म्हणून हातच लागलेला नव्हता. बिलात ‘मेन बोर्ड दुरुस्ती’ही लावली होती. बोर्ड काढून पाहिला तर एकही नवा सोल्डर नाही, आणि त्या बोर्डावरच्या जुन्या बॅटरीला हिरवा गंज चढायला सुरुवात झालेली. बोर्ड खरोखर खाते ती ही बॅटरी. तिच्याबद्दल तो अवाक्षरही बोलला नव्हता.

मूळ बिघाड निघाला तिसऱ्या डिस्प्लेच्या प्लगमध्ये. एका तारेचा धातूचा संपर्क फाकला होता. तो बदलला आणि भलते आकडे कायमचे थांबले.

त्याला फोटो पाठवल्यावर आधी म्हणाला, जुने फेकून दिले. मग म्हणाला, हेच तुमचे होते. आता फोन उचलत नाही. मी व्होल्टेज १७० वर आणलंय, तीन काचा अजून मंद पेटतात, दोन जागी एलईडीचे डिस्प्ले लावलेत. त्यांना हाय व्होल्टेज लागतच नाही आणि ते सहज मिळतात. गॅस गेलाय म्हणणाऱ्याने हा पर्याय कधी सुचवला नाही, याचाही राग आहे.

तुमच्या मशीनचे फोटो आजच काढून ठेवा, प्रत्येक डिस्प्लेची मागची बाजू आणि छाप स्पष्ट दिसतील असे. पट्टीच्या कोपऱ्यात न पुसणारी खूणही करा. दुरुस्तीवाला आला की कॉइन डोरच्या (नाणी टाकायच्या पुढच्या दाराच्या) आतलं सेल्फ टेस्टचं बटण त्याच्यासमोर दाबा, दुसऱ्या दाबाला सगळ्या डिस्प्लेंवर आकडे क्रमाने फिरतात. आणि अदलाबदल करून दोष कुणाबरोबर हलतो ते त्यालाच दाखवायला लावा. एकच घर पाचही डिस्प्लेंवर विझलं असेल तर काचेकडे बोट दाखवणारा खोटं बोलतोय, तो दोष समाईक तारेचा किंवा बोर्डाचा. पाचही अंधारात असतील तर आधी सॉलेनॉइड बोर्डावरचा ३/१६ अँपिअरचा फ्यूज पाहा.

आणि कुणी तुम्हाला याच मशीनच्या, ७९ च्या छापाच्या पाच लख्ख काचा एकगठ्ठा विकायला आणल्या, तर त्या कुठून आल्या हे विचारल्याशिवाय घेऊ नका.