710 चा शिक्का फक्त वरच्या चार शीटवर

घराच्या फर्निचरचं, इंटिरिअरच्या ठेकेदारानं दिलेलं कोटेशन 6,85,000 चं. दिले 6,16,500, त्यातले 1,42,500 रोख, बिनपावतीचे. किचन अर्धवट, एका कपाटाला दरवाजे नाहीत, आणि ठेकेदार फोन उचलत नाही. थ्रीडी चित्रं दाखवून ॲडव्हान्स कसा काढतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. खानदेशात जुनी धाब्याची घरं नव्यानं करून घेणाऱ्यांनी माल कुठे मारतात ते बघा.

कोटेशनात स्वच्छ लिहिलेलं: 'बीडब्ल्यूपी, आयएस 710, 19 एमएम', म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारा प्लाय, 42 शीट, एक 3,800 ला. टेम्पो आला रात्री साडेनऊला. वरच्या चार शीटवर 710 चा शिक्का, खालच्या 38 वर आयएस 303, साधा एमआर, म्हणजे थोडी ओल सोसणारा. तो 1,950 ला मिळतो. शीटमागे 1,850, म्हणजे 70,300 तिथेच गेले. थप्पी उलटून बघायची असते, शिक्क्यावरचा सीएम/एल (परवान्याचा) नंबर भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकायचा असतो. आम्ही वरून हात फिरवला.

तरी एक संधी होती. सिंकखालच्या पेटीतून पाइप काढायला सुतारानं चार इंची भोक पाडलं. कापलेली चकती मोरीत पडली. तिसऱ्या दिवशी पाहिली तर पुरीसारखी फुगलेली, नखानं पापुद्रे सुटत होते. 710 चा प्लाय 72 तास उकळून तपासतात, तरी थर सुटत नाहीत. हा मोरीच्या गार पाण्यात उकलला! चकती ठेकेदाराला दाखवली तर म्हणे, "आबा, टेन्शन घेऊ नका, लॅमिनेट बसलं की पाणी आत जातच नाही." आणि त्याच संध्याकाळी 2,74,000 चा दुसरा हप्ता एनईएफटीनं गेला. चकती अजून खिडकीत ठेवलीय.

आम्ही अगदीच भोळे नव्हतो. लेटरहेडवर जीएसटी नंबर होता, नात्यातली दोन कामं पाहिलेली, घरात लग्न वीस दिवसांवर. अशा वेळी ठेकेदाराशी कोण भांडतं?

मग मापाचा खेळ. 7 बाय 8 चं कपाट, 1,450 रुपये स्क्वेअर फूट. आमच्या हिशोबानं समोरचं माप, 56 फूट. त्यानं बाजू आणि मधली फळी धरून 48, सहा कप्प्यांचे 42, असे 146 काढले. एका कपाटाचे 1,30,500 वाढीव! नाही म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी माणसं हत्यारं घेऊन काम सोडून गेली. 'माप दर्शनी' हे दोन शब्द कोटेशनात लिहून घ्या.

बिजागऱ्या 304 स्टीलच्या, म्हणजे लोहचुंबक न चिकटणाऱ्या सांगितलेल्या, लोहचुंबक टपकन चिकटलं. एज बँड, म्हणजे प्लायच्या कडेची पट्टी, हातानं चिकटवलेला, मे महिन्याच्या 45 अंशांत कडेनं उचलला. मशीननं लावून मागा. आणि जुन्या मातीच्या भिंतीला पाठीचा प्लाय थेट टेकवू देऊ नका, ओल आणि उधई दोन्ही येतात. मध्ये फट हवी.

ठाण्यात गेलो. "हा दिवाणी मामला, ग्राहक आयोगात जा." फसवणुकीचं कलम, न्याय संहितेचं 318, म्हटलं तर साहेब हसले. अर्ज घेतला, पोच नाही. दुसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्तात, तिसऱ्या खेपेला बदलून आलेले नवीन; त्यांना पहिल्यापासून सांगा. जीएसटीवाले म्हणाले, टॅक्स इनव्हॉइस आणा. तो दिला असता तर आलो असतो का? आमच्या रकमेला आयोगात फी फक्त 200 रुपये, मुदत दोन वर्षांची, हे खरं. कायद्यात निकाल तीन महिन्यांत, माल तपासायचा असेल तर पाच. आमच्या वाट्याला आतापर्यंत चार तारखा, समोरचा एकदाही हजर नाही, आणि दर वेळी वकिलाचे 1,500.

रोख देऊ नका. दुसरा हप्ता माल मोजल्यावर, तारखेवर नाही. उरलेले तुकडे फेकू नका, पुरावा तोच.

ठेकेदारानं सुताराचेही 18,000 बुडवलेत. परवा दारात येऊन बसला होता. साक्ष द्यायला तयार आहे, तारखेला यायचं भाडं आम्ही द्यायचं.