गाण्यांच्या दिनविशेषाचं कॅलेंडर: कागद झकास, तारखा मात्र पारखून घ्या

नागपुरात बर्डीवरच्या स्टेशनरीच्या दुकानांत डिसेंबर सरता सरता एक जाडजूड टेबल कॅलेंडर दिसू लागतं. रोजचं एक पान, आणि त्या तारखेला गाण्यांच्या दुनियेत काय घडलं त्याच्या चार-पाच नोंदी. हिंदी सिनेसंगीत सगळ्यात जास्त, त्याखालोखाल मराठी भावगीत आणि नाट्यसंगीत, चवीपुरतं इंग्रजी पॉप आणि जाझ. छापील किंमत ६५० रुपये. चुकांची यादी मोठी असल्यामुळे नाव देत नाही; 'गाण्याच्या दिनविशेषाचं कॅलेंडर' म्हटलं की दुकानदार काढून देतो.

आधी बांधणी. पानावर वार छापलेला नाही, त्यामुळे ते कुठल्याही वर्षी चालतं. २९ फेब्रुवारी धरून ३६६ दिवस १८३ पानांवर पाठपोट बसवले आहेत. १ जानेवारी ते १ जुलै पुढच्या बाजूला, मग स्टँड फिरवायचा आणि २ जुलैपासून मागच्या बाजूने सुरुवात करायची. ही युक्ती डब्यावर किंवा आत कुठेच लिहिलेली नाही. १ जुलैनंतर थेट पुठ्ठा हाती आला की पानं कमी निघाली म्हणून कॅलेंडर परत करायला येणारे गिऱ्हाईक असणारच.

कागद १३० जीएसएमचा आर्ट पेपर आहे. छपाई स्वच्छ, काळा रंग खरोखर काळा. जुने कृष्णधवल फोटो इतक्या किमतीत इतके नीट छापलेले फार पाहायला मिळत नाहीत. पण १८३ पानांचा गठ्ठा वीस मिलिमीटरच्या वर जातो आणि बांधणीची तार एक इंचाची, म्हणजे गच्च भरलेली. एकेक पान उलटताना भोकाची कड तारेत अडकते आणि हळूहळू फाटत जाते. दहा-बारा पानं एकदम धरून मागे टाकायची आणि मग हवं ते पान पुढे आणायचं, म्हणजे भोकं टिकतात.

दुसरी गोष्ट खास नागपूरची. स्टँडचा पुठ्ठा साधा करडा, वरून कागद चिकटवलेला. एप्रिल-मेमध्ये कुलरच्या झोतासमोर ठेवलं तर आठवडाभरात पुठ्ठा ओल धरून पोटात वाकतो आणि पानांना लाटा येतात. आर्ट पेपरने एकदा लाट घेतली की ती कायमची. दाबून ठेवलं तरी कड सरळ होत नाही. कुलरच्या खोलीत ठेवायचंच असेल तर झोताच्या आडबाजूला, भिंतीपासून थोडं सुटं ठेवा.

आता मजकूर. दिनविशेषाचं कॅलेंडर कसं आहे हे १५ ऑगस्ट किंवा २८ सप्टेंबर उघडून कळत नाही. लताबाईंची जन्मतारीख कोणीच चुकत नाही. ज्या तारखेला दोन-तीन वेगवेगळ्या जगांतल्या गोष्टी एकत्र येतात, तिथे पारख होते.

अशी एक तारीख १ ऑगस्ट, आणि ते पान या कॅलेंडरमधलं सर्वांत उत्तम आहे. १९२० साली वाटेगावात अण्णा भाऊ साठे जन्मले, ती नोंद सर्वांत वर, पोवाडा आणि लावणीच्या संदर्भासह. त्याखाली १९७१ चा न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला बांगलादेशासाठीचा जलसा. एकाच दिवशी दुपारी आणि रात्री असे दोन कार्यक्रम झाले, सुरुवात रविशंकर आणि अली अकबर खाँ यांनी केली आणि वाद्यं जुळवत असतानाच श्रोत्यांनी टाळ्या दिल्या, हे सगळं चार ओळींत नेमकं आलं आहे. शेवटी १९८१: रात्री १२ वाजून १ मिनिटाने अमेरिकेत एमटीव्ही सुरू झालं. शाहिरी, सतार आणि व्हिडिओ वाहिनी एका पानावर, कोणाचीही जागा न खाता. संपादकाला गाणं कळतं याचा हा पुरावा.

आणि मग १४ मार्चचं पान उघडावं. १९३१ साली याच तारखेला मुंबईत मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' लागला, भारताचा पहिला बोलपट. कॅलेंडर सांगतं की त्यातल्या गाण्याची तबकडी हे सिनेसंगीताचं पहिलं रेकॉर्ड. हे चूक आहे. 'आलम आरा'मध्ये सात गाणी होती, पण त्यांच्या तबकड्या निघाल्याच नाहीत आणि चित्रपटाची प्रतही आज उपलब्ध नाही. गाणी सेटवरच, चित्रीकरणासोबतच ध्वनिमुद्रित झाली; वाजवणारे कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर दडून बसायचे. स्टुडिओजवळून रेल्वे जायची म्हणून बरंचसं काम रात्री उरकावं लागलं. एवढा मालमसाला हाताशी असताना पानावर न निघालेल्या तबकडीची गोष्ट छापली आहे.

त्याच पानावर याहून मोठी चूक आहे, ती न छापण्याची. १४ मार्च २००३ रोजी सुरेश भट गेले. नोंद नाही. १५ एप्रिलला जन्मतारखेची एक ओळ आहे, अमरावती, १९३२, बस्स. रेशीमबागेत त्यांच्या नावाचं सभागृह उभं असलेल्या शहरात हे कॅलेंडर विकायचं आणि त्यांच्या स्मृतिदिनी त्यांचं नावही छापायचं नाही, हे खटकणारच.

विदर्भाच्या बाबतीत हात आखडता इतरत्रही आहे. १२ जानेवारीच्या पानावर सी. रामचंद्र, जन्म १९१८, पुणतांबे. बरोबर. ३० जुलैच्या पानावर वसंतराव देशपांडे, निधन १९८३, पुणे. तेही बरोबर. पण हे दोघंही नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले, हा धागा कुठल्याच पानावर नाही. एकाच गुरूच्या हाताखालून एक संगीतकार सिनेमात गेला आणि एक गवई रंगभूमीवर, ही नोंद दिनविशेषात यायला हवी होती.

सी. रामचंद्रांवरूनच पुढची चूक. त्यांनी चाल दिलेलं 'ऐ मेरे वतन के लोगों' २६ जानेवारीच्या पानावर टाकलं आहे. लताबाईंनी ते दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर नेहरूंसमोर गायलं ती तारीख २७ जानेवारी १९६३. प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने झालेला कार्यक्रम म्हणून लोक एक दिवस मागे सरकवतात आणि तीच तारीख पुढे पुढे नकलली जाते. २७ तारखेच्या पानावर मात्र भरती म्हणून तीन किरकोळ वाढदिवस.

लुई आर्मस्ट्राँग ४ जुलैच्या पानावर आहे. हयातभर तो स्वतः ४ जुलै १९०० हीच जन्मतारीख सांगायचा, पण न्यू ऑर्लिन्समध्ये बाप्तिस्म्याची नोंद सापडली आणि खरी तारीख ४ ऑगस्ट १९०१ ठरली. नोंद सापडून कित्येक वर्षं झाली. ती घेतली असती तर ४ ऑगस्टचं पान बहारदार झालं असतं: खंडव्याचा किशोर कुमार, १९२९, आणि त्याच्या शेजारी आर्मस्ट्राँग. दोघंही गाताना तोंडाने वाट्टेल ते आवाज काढणारे! त्यामानाने १३ ऑक्टोबर नीट जमलं आहे. अशोक कुमारांचा जन्म १९११ चा, आणि १९८७ साली त्याच तारखेला धाकटा भाऊ किशोर गेला. दोन्ही नोंदी एकाखाली एक, कोरड्या शब्दांत. तिथे शब्दांची फोडणी दिली नाही हे बरं केलं.

या चुका होतात कुठून? बऱ्याचदा 'तारीख कशाची' हे लिहिलेलंच नसतं तिथून. एका सिनेगीताला चार तारखा असू शकतात: ध्वनिमुद्रणाची, तबकडी बाजारात आल्याची, सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावरची आणि चित्रपट लागल्याची. चित्रपटाच्या सुरुवातीला दिसणाऱ्या प्रमाणपत्रावरची तारीख प्रदर्शनाची नसते, मधे कित्येक आठवडे जाऊ शकतात, आणि गाणी तर बहुतेक वेळा चित्रपटाआधीच बाजारात येतात. कॅलेंडरमध्ये सगळ्याला एकच शब्द: 'आलं'. गाणं आलं, चित्रपट आला, रेकॉर्ड आली. 'मुद्रित', 'प्रदर्शित', 'प्रसारित' असे तीन शब्द पाळले असते तर निम्मा गोंधळ मिटला असता.

परदेशी नोंदींत घड्याळाचा प्रश्न येतो. मायकेल जॅक्सन गेला तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये २५ जून २००९ ची दुपार होती, २ वाजून २६ मिनिटं. नागपुरात त्या क्षणी २६ तारखेच्या पहाटेचे २ वाजून ५६ मिनिटं झाली होती. कॅलेंडरने २५ तारीख धरली आहे आणि तेच योग्य, जिथे घडलं तिथली तारीख. हा नियम पहिल्या पानावर लिहून ठेवायला हवा होता.

तिथीचा पेच वेगळाच. गीतरामायण आकाशवाणी पुणे केंद्रावरून सुरू झालं ते १ एप्रिल १९५५ ला, त्या दिवशी रामनवमी होती. ५६ गीतांची मालिका संपली १९ एप्रिल १९५६ ला. तीही रामनवमीच! मधे अधिक मास आल्यामुळे रामनवमी अठरा दिवस पुढे सरकली. वार नसलेल्या बारमाही कॅलेंडरला तिथी धरता येतच नाही, तेव्हा १ एप्रिललाच नोंद ठेवली हे ठीक. पण १९ एप्रिलचं पान वाया घालवलं आहे.

प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात क्यूआर कोड आहे, मोबाईलने टिपला की गाणं लागावं म्हणून. चाळीस पानं ओळीने तपासली तर नऊ कोड चालले नाहीत. पाच ठिकाणी व्हिडिओच काढून टाकलेला. कोणीतरी चढवलेल्या व्हिडिओचा थेट पत्ता छापला की त्याचं आयुष्य चढवणाऱ्याच्या मर्जीवर. उरलेल्या चारांत फोटोची पार्श्वभूमी कोडाच्या अंगावर आली आहे. कोडाभोवती चारही बाजूंनी त्यातल्या किमान चार बारक्या चौकोनांइतकी पांढरी जागा लागते, ती नसेल तर फोन चाचपडत राहतो. शिवाय चकचकीत कागदावर ट्यूबलाइटची तिरीप पडली की चांगला कोडही उमटत नाही. पान जरा तिरकं धरून टिपा.

घ्यायचं कोणी? शाळेच्या परिपाठाला, निवेदकांना आणि शहरातल्या कराओके मंडळांना उपयोगी आहे. ३१ जुलै, १३ ऑक्टोबर, ४ जानेवारी या तारखांना रफी, किशोर, आर. डी. यांच्या नावाने लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सभागृहापासून वस्तीतल्या समाजभवनापर्यंत कार्यक्रम लागलेले असतात. त्यांना जोडनोंदी इथे भरपूर मिळतील. मात्र निवेदनात वापरण्याआधी प्रत्येक तारीख दुसरीकडे एकदा पडताळा. जन्म आणि मृत्यूच्या तारखा बहुतेक ठीक आहेत, 'पहिलं', 'सर्वप्रथम' असे शब्द असलेल्या नोंदींवर अजिबात विसंबू नका.

दुरुस्ती पानावरच करायची असेल तर पेन्सिल या कागदावर उमटत नाही आणि जेल पेनची शाई वाळत नाही, समोरच्या पानावर उमटते. वह्यांना लावतात ती पांढरी लेबलं आणून त्यावर लिहा, मग चिकटवा. लेबल तारेपासून बोटभर लांब ठेवा, नाहीतर आधीच गच्च असलेली तार आणखी अडेल.

विकत घेताना डब्यातून काढून तीन गोष्टी बघा: तारेची दोन्ही टोकं मागच्या बाजूला पूर्ण मिटलेली आहेत का, २९ फेब्रुवारीचं पान आहे का, आणि स्टँडचा पुठ्ठा सपाट बसतो का. कुरिअरने मागवलं तर तार चेपून येण्याची शक्यता जास्त. घाईही नको. वार नसल्यामुळे हे कॅलेंडर शिळं होत नाही, पण दुकानदाराच्या लेखी ते कॅलेंडरच. गुढीपाडव्याच्या सुमारास उरलेला माल तो निम्म्या किमतीत काढतो. तीनशे-सव्वातीनशेला मिळालं तर जरूर घ्या, आणि सोबत दहा रुपयांची लेबलं. पहिलं लेबल १४ मार्चला.