सोशल अँक्झायटीसाठी सीबीटी: वर्ष होत आलं, आता सविस्तर लिहिते

सोशल अँक्झायटी म्हणजे लोकांत बोलायची-वावरायची भीती, आणि सीबीटी म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, विचार आणि वागणं बदलायला शिकवणारा बोलून करायचा उपचार. आधी निकाल सांगून टाकते. उपयोग झाला. चारचौघांत बोलताना माझा आवाज अजूनही कापतो, पण म्हणून मी बोलायचं टाळत नाही आणि घरी येऊन त्याच प्रसंगाचं रात्री दोनपर्यंत दळण दळत नाही. एवढ्यासाठी पैसे मोजले असतील तर माझे वसूल झाले. स्टेजवर जाऊन टाळ्या घ्यायच्या असतील तर ही ती गोष्ट नव्हे.

मी पुण्यात अकाउंट्समध्ये आहे, वय पस्तिशीच्या आसपास. 'आमची जरा बुजरीच आहे हो' हे वाक्य ऐकत मोठी झाले. घरच्यांना काय बोलणार? अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानसूचीत 'सोशल फोबिया' (याच त्रासाचं तेव्हाचं नाव) आला तोच 1980 साली. मी गेले ते बढतीमुळे. हुद्दा वाढणार म्हणजे ऑडिटर लोकांसमोर बसून उत्तरं द्यावी लागणार, या एका कारणासाठी मी बढतीला नाही म्हणून आले होते. नवऱ्याला सांगितलं, 'काम फार वाढलं असतं.'

पहिल्या दिवशी लीबोविट्झ स्केल नावाची प्रश्नावली दिली. 24 प्रसंग, प्रत्येकात भीती किती आणि टाळाटाळ किती याला शून्य ते तीन गुण, म्हणजे जास्तीत जास्त 144. त्यातले प्रसंग वाचूनच मला अर्धं बरं वाटलं. लोकांदेखत फोन करणं, बाहेर चारचौघांत खाणं, सगळे बसलेले असताना खोलीत शिरणं, दुकानात वस्तू परत करणं, मागे लागलेल्या सेल्समनला नाही म्हणणं. 1987 मध्ये तिकडे अमेरिकेत बसून कुणीतरी माझी यादी केली होती. माझे गुण नव्वदीत आले. परवा पुन्हा भरली तेव्हा पन्नाशीच्या अलीकडे.

मग भीतीची शिडी करायची. खालच्या पायरीवर सोपं, वर अवघड. माझ्या सगळ्यात खालच्या पायरीवर होतं बसमध्ये कंडक्टरला 'स्वारगेट आलं की सांगाल का' असं विचारणं. वरती सोसायटीची वार्षिक सभा. त्याच्याही वर उखाणा.

शिडीबद्दल नेटवर ढीगभर माहिती आहे, त्यामुळे तिच्यावर फार लिहीत नाही. माझ्या मते खरी गोम दुसरीकडेच आहे. लोकांत जायचं टाळते म्हणून भीती टिकते, असं मला वाटायचं. पण मी तर रोज ऑफिसला जात होते, लग्नाकार्यांना जात होते! भीती मग कमी का होत नव्हती? कारण मी जायचे ते सगळा बंदोबस्त करून. फोन करण्याआधी वाक्यं कागदावर लिहायची. मीटिंगमध्ये हात थरथरलेले दिसू नयेत म्हणून कप उचलायचाच नाही. हळदीकुंकवाला गेलं की मोबाइलमध्ये डोकं खुपसायचं, नाहीतर यजमानीणबाईंच्या स्वयंपाकघरात मदतीला घुसायचं. (त्यामुळे मी फार कामसू म्हणून प्रसिद्ध आहे.) डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी 1995 मध्ये जे मांडलं त्याचा गाभा हाच आहे: प्रसंग निभावतो, पण श्रेय जातं बंदोबस्ताला. 'कप उचलला नाही म्हणून वाचले' एवढंच मन शिकतं. आमच्या मॅडम, म्हणजे माझ्या समुपदेशक, या प्रकाराला कुबड्या म्हणायच्या. त्यांनी दर आठवड्याला एकेक कुबडी काढून घेतली, आणि फरक पडायला लागला तो तिथपासून. नुसती शिडी चढून पडला नव्हता.

दुसरी कामाची गोष्ट व्हिडिओ. मोबाइल समोर ठेवून मॅडमच्या दोन सहकाऱ्यांशी पाच मिनिटं बोलायचं, आणि व्हिडिओ बघण्याआधी आपण कसे दिसलो असू ते लिहायचं. मी लिहिलं: चेहरा लालबुंद, मान हलतेय, दर वाक्याला अडखळतेय, समोरचे एकमेकांकडे बघतायत. व्हिडिओत एक जरा थकलेली बाई नीट बोलत होती. गळ्याशी लाली होती, ती मी झूम करून शोधली तेव्हा सापडली. याच धर्तीचा कॉर्नेल विद्यापीठातला प्रयोग मॅडमनी सांगितला. विद्यार्थ्यांना बॅरी मॅनिलो या गायकाचा फोटो असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. आपला शर्ट जवळजवळ निम्म्या लोकांनी पाहिला असणार असं त्यांना वाटलं, प्रत्यक्षात पाव लोकांच्या तो लक्षात आला. 2000 साली छापून आलेला प्रयोग आहे. मला मात्र या आकड्यापेक्षा माझा व्हिडिओ जास्त पटला.

आता लक्ष्मी रोड. गृहपाठ असा: साडीच्या दुकानात गादीवर बसायचं, भरपूर साड्या उघडायला लावायच्या आणि काहीही न घेता उठायचं. 'मिस्टरांना विचारून येते' म्हणायला बंदी, कारण ती कुबडी. नुसतं 'नाही आवडल्या, येते.' आधी अंदाज लिहायचा आणि त्याला टक्के द्यायचे. मी लिहिलं, 'तो चिडेल, टोमणा मारेल, सगळे वळून बघतील, 90 टक्के.' गेले. काका उत्साही होते, नारायणपेठ काढली, इरकल काढली, पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवला. समोर ढीग साचत चालला तसे माझे कान गरम. शेवटी म्हटलं. काकांचं हसू गेलं, घडी घालता घालता शेजारच्याला ऐकू जाईल इतपत आवाजात म्हणाले, 'घ्यायचीच नसते तर बसतात कशाला.'

म्हणजे अंदाज खरा ठरला की! मी तणतणत मॅडमकडे गेले. त्यांनी विचारलं, 'मग पुढे काय झालं?' पुढे मी रस्त्यावर आले, ऊन होतं, तुळशीबागेत जाऊन पिना घेतल्या. बाकी काही नाही. आणि सगळे वळून वगैरे बघत नव्हते, शेजारच्या बाई स्वतःच्या साडीच्या किमतीवरून घासाघीस करण्यात गुंग होत्या.

इथे त्यांनी सीबीटीला आरईबीटीची (रॅशनल इमोटिव्ह बिहेविअर थेरपी) जोड दिली. सीबीटी विचारते, तुला वाटतं तसं खरंच होतं का? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची आरईबीटी म्हणते, समज झालं, मग? कुणीच मला नावं ठेवता कामा नये हा हट्ट आधी सोड. एलिस स्वतः मुलींशी बोलायला घाबरायचा, म्हणून एकोणिसाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात बाकावर बसलेल्या शंभरएक बायकांशी त्यानं मुद्दाम बोलणं काढलं, असं तो सांगायचा. भेटायला कबूल झाली एकच, तीही आली नाही. पुढे पेशंटांना तो केळ्याला दोरी बांधून भर रस्त्यात फिरवायला लावी. आपल्याकडे आरईबीटी बऱ्याच मराठी घरांत पोचली आहे, ठाण्याच्या आयपीएचसारख्या मानसिक आरोग्याचं काम करणाऱ्या संस्थांचा त्यात वाटा आहे. साडीवाल्या काकांसारख्या प्रसंगी मला तीच जास्त उपयोगी पडते.

उखाणा घेतला. नणंदेच्या डोहाळजेवणात, पाठ केलेला, मधली ओळ विसरून. हसले लोक. मला उखाणे आजही आवडत नाहीत, आणि हे भीतीमुळे नसून खरंच आवडत नाहीत हे आता ठामपणे सांगता येतं.

आता तक्रारी. माझं सत्र 45 मिनिटांचं, फी बाराशे. त्यात आठवड्याचा हिशेब देण्यातच निम्मा वेळ जातो. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या 2013 च्या मार्गदर्शिकेत या पद्धतीसाठी दीड-दीड तासाची चौदापर्यंत सत्रं सुचवली आहेत, आणि ते का, हे मला पुरतं कळलं. बाहेर पडून करायच्या गोष्टी केबिनमध्ये होत नाहीत. तक्ते सगळे इंग्रजीत. मी मराठीत भरायचे, पण माझ्या आईसारख्या बाईनं काय करायचं? मेडिक्लेमनं पैसे दिले नाहीत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा शारीरिक आजारांच्या बरोबरीनं मिळायला हवा, पण पॉलिसीत मुळात दाखल झाल्याशिवाय खर्च मिळतच नसेल तर बरोबरी कसली.

औषधाबद्दल विचारणा होते म्हणून: समुपदेशक औषध देत नाहीत, त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ लागतात. त्रास जास्त असेल तर सर्ट्रालीनसारखी औषधं देतात, मला गरज पडली नाही. भाषणाआधी घ्यायची 'थरथरीची गोळी' म्हणून लोक प्रोप्रॅनोलॉल परस्पर सुचवतात. ती दम्याच्या रुग्णांना चालत नाही. मला दमा आहे, आणि ऑफिसातल्या एकीनं पर्समधून काढून ती सहज पुढे केली होती.

कुणी घ्यावी? ज्यांना घरी गृहपाठ करायची तयारी आहे त्यांनी. नुसतं मन मोकळं करायचं असेल तर यात निराशा होईल, मॅडम माझ्या बालपणाबद्दल फारसं विचारायच्याच नाहीत. फी परवडत नसेल, किंवा कुठे जावं हेच कळत नसेल, तर 14416 हा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. फोन करायचीच भीती असते हे मला माहीत आहे. वाक्यं लिहून करा, पहिल्या फोनला ती कुबडी चालेल. आणि खासगीत जाणार असाल तर अपॉइंटमेंट घेतानाच विचारा: एक्सपोजर (भीती वाटते तेच पायरीपायरीनं करणं) करून घेता का, केबिनबाहेर येता का, व्हिडिओ वापरता का. तिन्हींना 'बघू' असं उत्तर आलं तर दुसरा नंबर लावा.