हातात दिली एक, डब्यात निघाली दुसरी: छाटणीच्या कात्रीची फसवणूक

जालना तालुक्यातल्या आमच्या द्राक्षपट्ट्यात ऑक्टोबरची फळछाटणी तोंडावर आली की कात्र्या विकणारे हजर होतात. यंदा एका कृषी प्रदर्शनात अशाच एका विक्रेत्यानं आमच्या बचत गटातल्या बायकांना ठरवून लुबाडलं. हातात धरून बघायला दिली ती कात्री वेगळी होती आणि सीलबंद डब्यातून निघाली ती वेगळी. लहान हात आणि दुखरी मनगटं हेरून हा माल विकला जातोय. छाटणी अजून व्हायची आहे अशा बायाबापड्यांनी आधीच सावध व्हावं म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आमच्याकडे पूर्वी छाटणीला गड्यांच्या टोळ्या यायच्या. विरळणी, डिपिंग (म्हणजे घड औषधाच्या द्रावणात बुडवणं), शेंडे खुडणं ही कामं बायकांकडे असायची. आता टोळ्या वेळेवर मिळत नाहीत, म्हणून कडवंचीच्या बाजूच्या आमच्या गावांत बायकाच छाटणीला उभ्या राहतात. काम किती, ते सांगते. नऊ बाय पाच फुटांवरच्या बागेत एकरी साधारण 960 झाडं बसतात. झाडाला 30 काड्या धरल्या तरी एका एकरात 29 हजारांच्या आसपास काप होतात. प्रत्येक कापाला कात्रीची मूठ एकदा दाबायची आणि एकदा सोडायची. वेल मांडवावर असल्यामुळे हात वर करून, मनगट वाकवूनच बरेचसे काप घ्यावे लागतात. बाजारात सर्रास मिळणारी आठ-साडेआठ इंची कात्री पुरुषाच्या पंजाला बेतलेली असते. ती पूर्ण उघडली की आमच्यातल्या कितीतरी जणींची बोटं खालच्या मुठीला फक्त टोकांनी पोचतात. मग जोर बोटांच्या टोकांनी आणि अंगठ्यानं लावावा लागतो आणि संध्याकाळी अंगठ्याच्या मुळापासून मनगट ठणकायला लागतं.

मला स्वतःला रात्री मुंग्या येतात. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधलं बोट बधिर होऊन जाग येते, हात झटकला की जरा बरं वाटतं. डॉक्टरांनी सांगितलं की मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून नस जाते, तिच्यावर दाब पडतोय. याला कार्पल टनेल म्हणतात. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधा आणि दिवसा मनगट वाकवून जोर लावणं कमी करा, असं ते म्हणाले. छाटणीच्या दिवसांत हे जमवायचं तर हाताला बसणारी कात्री लागतेच. म्हणून गटातल्या सगळ्यांनी मिळून चांगल्या कात्र्या घ्यायचं ठरवलं होतं.

त्या स्टॉलवर मोठा फलक होता: 'लहान हातांसाठी खास, फिरती मूठ, मनगटदुखीपासून सुटका.' टेबलावर लाल मुठीची कात्री ठेवलेली आणि शेजारी द्राक्षाच्या ताज्या काड्यांची मोळी. विक्रेता गोड बोलणारा. "ताई, नुसतं बघू नका, कापून बघा. काकू, तुम्हीपण घ्या," असं म्हणत त्यानं एकेकीच्या हातात कात्री दिली. खरंच छान होती हो ती. मूठ पूर्ण उघडल्यावरही बोटांच्या मधल्या पेरांत बसत होती, स्प्रिंग हलकी होती आणि दाबताना खालची मूठ बोटांबरोबर फिरत होती. एक किंमत सांगून, गटासाठी घेतल्यास प्रत्येकी 850 रुपये, असं ठरलं. आम्ही तिथंच पैसे ऑनलाइन पाठवले आणि त्यानं मागच्या खोक्यातून सीलबंद डबे काढून दिले. "नवा माल आहे, सील बागेत गेल्यावरच फोडा, पातं गंजायला नको," हे त्याचं बोलणं मला आजही शब्दन् शब्द आठवतं. ते सील गंजासाठी नव्हतं, आम्ही तिथं डबा उघडू नये यासाठी होतं.

बागेत डबे उघडले. रंग तोच, मुठीवरची नक्षी तीच. गटातल्या सगळ्यात वयस्कर मावशींनी दोन-चार काड्या कापल्या आणि थांबल्या. "कामून ओ ताई, ही तर त्या दिवशीची कात्री नाही. माझं बोटच पोचंना." मग आम्ही टेप घेऊन मोजलं. पूर्ण उघडल्यावर दोन मुठींमधलं अंतर जवळपास 11 सेंटिमीटर भरलं. स्प्रिंग इतकी ताठ की काडी कापायच्या आधी तिलाच दाबण्यात जोर जात होता.

फिरत्या मुठीचं तर मी एका कात्रीवरचं लाल आवरण पात्यानं चिरूनच पाहिलं. खऱ्या फिरत्या मुठीत खालच्या दांड्यावर एक वेगळी नळी आपल्या आसाभोवती फिरते. त्यामुळे मूठ बंद होताना बोटं तिच्यावर घासत नाहीत, नळी त्यांच्याबरोबर वळते. इथं आत तसलं काहीच नव्हतं. ओतीव धातूचा साधा दांडा, त्याच्यावर सैल बसवलेलं रबर, आणि साच्याच्या दोन भागांच्या जोडावर राहिलेली धारदार शीर न घासता तशीच सोडलेली. रबर फिरत होतं ते सैल असल्यामुळे. जोर लावला की ते पुढे सरकायचं आणि तळहाताची कातडी त्याच्या कडेखाली चिमटली जायची. एका दिवसात दोघींच्या हाताला फोड आले. पात्यांचीही तीच गत. दोन्ही पाती एकमेकांना चिकटून सरकायला हवीत, इथं मध्ये फट होती, त्यामुळे काडी कापली न जाता साल लोंबत राहायची. पाती नटानं न जोडता रिबिट मारून बसवलेली, म्हणजे खोलून धार लावायचीही सोय नाही. बोथट कात्रीला जोर जास्त लागतो आणि तो सगळा मनगटावरच येतो.

फोन केला तर पहिल्यांदा तो म्हणाला, "ताई, वापरानं सैल होईल." नंतर म्हणाला, "सील फोडलेला माल परत होत नाही." मग फोन उचलणंच बंद झालं. पावती काढून पाहिली तर तिच्यावर वर 'एस्टिमेट' छापलेलं, खाली हातानं लिहिलेलं 'प्रूनर' आणि रक्कम. दुकानाचं नाव नाही, जीएसटी क्रमांक नाही, मॉडेल नाही. पैसे गेले होते तेही कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यात.

पुढचा प्रकार याहून वाईट. काही दिवसांनी वेगळ्याच नंबरवरून गटातल्या एका काकूंना फोन आला. "तुमचे पैसे परत करायचे आहेत, व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर पाठवलाय, तो स्कॅन करून पिन टाका." त्यांच्या मुलानं वेळीच फोन हातातून घेतला म्हणून खात्यातले पैसे वाचले. आपल्याला पैसे येणार असतील तर यूपीआय पिन टाकावाच लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे आपल्याकडून जाणार आहेत. असा फोन येऊन पैसे गेलेच तर ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. पहिल्या काही तासांत कळवलं तर ती रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता असते.

वस्तूच्या फसवणुकीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. आम्ही तिथं तक्रार नोंदवली. पण समोरच्याचं नाव-पत्ता आपल्याकडे नसेल तर तक्रार पाठवायची कुणाकडे, हा प्रश्न उभा राहतो आणि आमचं घोडं तिथंच अडलं. प्रदर्शन भरवणाऱ्यांकडे स्टॉलधारकाची नोंद असते, ती आम्ही लेखी अर्ज देऊन मागितली आहे. नाव हातात आलं की जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. एवढ्याशा रकमेसाठी कोण भांडणार, याच हिशोबावर या लोकांचा धंदा चालतो. माझ्या मते भांडलंच पाहिजे.

आता कात्री घेताना काय बघायचं ते. आमचा गट हे शिकला ते हात पोळल्यावर, तुम्हाला ते आधीच कळावं. अमेरिकेतल्या नायोश या सरकारी संस्थेनं 2004 साली हातावरच्या अवजारांची एक मार्गदर्शिका काढली. जोर लावून वापरायच्या दोन मुठींच्या अवजाराला तिच्यात दिलेलं माप असं आहे: बंद असताना मुठींमधलं अंतर 2 इंचांपेक्षा, म्हणजे साधारण 5 सेंटिमीटरपेक्षा कमी नको आणि पूर्ण उघडल्यावर साडेतीन इंचांपेक्षा, म्हणजे 9 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. आमच्या गळ्यात मारलेली कात्री 11 वर होती, त्यावरून समजा. शिवणाचा टेप पिशवीत ठेवा आणि दुकानदारासमोर मोजा, लाजू नका. मुठीची लांबी तळहाताच्या रुंदीपेक्षा जास्त हवी. आखूड मुठीचं टोक तळहाताच्या मधोमध रुततं आणि तिथं नसा असतात. 'लेडीज साइज' म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच कात्र्यांची मूठ नुसती आखूड केलेली असते, उघडझाप मोठ्या कात्रीएवढीच ठेवलेली असते. ती लहान हाताची कात्री नव्हे.

कात्री धरल्यावर मनगट हाताच्या रेषेत सरळ राहतं का ते बघा, आणि तेही खांद्याच्या वर हात नेऊन, कारण आपल्याला काप तिथंच घ्यायचे असतात. कमरेजवळ धरलेली कुठलीही कात्री बरीच वाटते. वापरून झाल्यावर डाव्या हातानं मुठीवरून बोट फिरवा, कुठं शीर किंवा कड लागली तर ती दिवसभरात फोड आणणार. डावखुऱ्या बायकांनी डाव्या हाताचीच कात्री मागावी, तशा मिळतात.

खरी फिरती मूठ ही थाप नाही. फेल्को या 1945 साली सुरू झालेल्या स्विस कंपनीच्या 7 नंबरच्या कात्रीला अशी मूठ आहे, 12 नंबर हा तसाच, पण लहान हातांसाठी आहे आणि 6 नंबर साध्या मुठीचा, लहान हातांचा. या कात्र्या महाग आहेत, सगळ्यांना परवडायच्या नाहीत. पण त्यांची पाती आणि स्प्रिंग सुटी बदलता येतात, त्यामुळे गटानं मिळून एखादी घेऊन फिरवून वापरणं जमू शकतं. फिरत्या मुठीची सवय व्हायला वेळ लागतो, सगळ्यांच्याच हाताला ती मानवत नाही. म्हणून आधी कुणाकडची तरी मागून दिवसभर वापरून बघा. घरच्या साध्या कात्रीलाही रोज धार लावली, स्प्रिंगला आणि जोडाला तेलाचा थेंब सोडला तर हाताचा जोर बराच वाचतो. जाड ओलांडे, म्हणजे वेलीचे आडवे जुने फाटे, तिनं कापू नका, त्यासाठी दोन हातांची मोठी कात्री किंवा करवतच घ्या.

आणि काहीही झालं तरी जी कात्री हातात धरून पसंत केली, तीच घरी न्या. विक्रेता म्हणाला हा नमुना आहे, तर डबा तिथंच उघडा, त्यातली कात्री नमुन्याशेजारी ठेवा, दोन्ही उघडून टेप लावा. तो उघडू देत नसेल तर पैसे खिशातच ठेवा. बिलावर मॉडेल लिहून घ्या.

लाल मुठीची ही कात्री तुम्हीही घेतली असेल तर डबा फेकू नका. बंद डब्यातल्या वस्तूवर बनवणाऱ्याचं किंवा आयातदाराचं नाव, पत्ता आणि छापील किंमत असणं कायद्यानं बंधनकारक आहे. आमच्या डब्यावर यातलं काहीच नाही. तुमच्याही डब्यावर नसेल तर डबा, ते एस्टिमेट आणि पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. आयोगात अनेक जणी मिळूनही तक्रार करता येते, आणि आमचा अर्ज अजून भरायचा आहे.