पुढच्या हुकाचं ब्लाउज: लातूर, गंजगोलाईमागचं लेडीज टेलर

कोयत्याचा वार उजव्या खांद्यावर बसला, त्याला दोन वर्षं झाली. हात वर जात नाही. मागच्या हुकाचं ब्लाउज घालायला रोज सासूबाईंना हाक मारायची, तेव्हा जीव नकोसा व्हायचा.

या टेलर ताईंनी माप घेण्याआधी विचारलं, "हात लावू का?" मला रडूच आलं. त्यांच्या गळ्यावर ॲसिडचे व्रण आहेत. पदराखाली झाकत नाहीत.

पुढून हूक, आतून मलमलचं अस्तर, खांद्याची शिवण व्रणापासून दोन बोटं पुढं सरकवलेली. दिवसभर घातलं, कुठं टोचलं नाही. शिलाई जरा जास्त आहे, आणि लग्नसराईत तारीख चुकते. माझं चार दिवस उशिरा मिळालं.

ॲसिड हल्ल्यातल्या बायांना राज्य सरकारच्या मनोधैर्य या मदत योजनेच्या अर्जासाठी त्या स्वतः जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात घेऊन जातात. किमान ३ लाख भरपाईचा आदेश सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्येच दिलाय, खासगी दवाखान्यानंही उपचार फुकट करायचे असतात, हे मला तिथंच कळलं.

आता गुरुवारी दुपारी मी तिथं हूक लावायला बसते. नवी बाई आली की आधी चहा सांगते.